लाइनआउट: फक्की मारण्याआधी आणि जेसीबी गेल्यानंतर

लाइनआउट म्हणजे जमिनीवर पांढऱ्या फक्कीने काढलेले चौकोन, अशी बहुतेक घरमालकांची समजूत असते. फक्की मारली, नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो आणि तासाभरात ती सगळी फक्की मातीसकट उचलली जाते. मग खड्ड्यात पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) झाल्यावर कॉलमचा सेंटर आणायचा कुठून? गवंडी खड्ड्याच्या मधोमध अंदाजाने खूण करतो, फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) भरलं जातं, आणि कॉलम दोन-तीन इंच सरकलाय हे कळतं ते थेट प्लिंथ बीमचं (जोत्याच्या पातळीवरच्या तुळईचं) सेंट्रिंग, म्हणजे साचा, लावताना.

फक्की फक्त जेसीबीवाल्यासाठी असते. घराची खरी आखणी, म्हणजेच लाइनआउट, खोदाईच्या बाहेर, बुर्जीवर (विटांच्या छोट्या खांबावर) किंवा भिंतीवर राहिली पाहिजे, म्हणजे फक्की पुसली गेली तरी प्रत्येक लाइन पुन्हा ताणता येते. खाली दिलेले टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. क्रम बदलू नका.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. तळमजला अधिक एक असं आरसीसी घर. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या कॉलमच्या तीन लाइनी: ए, बी, सी. त्यांना आडव्या चार लाइनी: १, २, ३, ४, त्यातली १ रस्त्याकडची. ए ते सी सेंटर टू सेंटर ८.५० मीटर (४.०० अधिक ४.५०). १ ते ४ सेंटर टू सेंटर ११.०० मीटर (३.६० अधिक ३.९० अधिक ३.५०). कॉलम २३० बाय ३८० मिमी, लांब बाजू घराच्या लांबीच्या दिशेने.

## टप्पा १: जागेवर जाण्याआधी कागद जुळवा

लाइनआउटच्या निम्म्या चुका जमिनीवर होतच नाहीत, त्या नकाशातून येतात. तीन नकाशे समोर ठेवा: मंजूर नकाशा, आर्किटेक्टचा वर्किंग प्लॅन आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सेंटरलाइन प्लॅन (कॉलमच्या मध्यरेषांचा नकाशा). तिन्हींवरच्या तारखा बघा. मंजुरीनंतर जिना हलवला, वर्किंग बदललं, पण सेंटरलाइन प्लॅन जुनाच राहिला, हा प्रकार नेहमीचा.

मग बेरजा करा. तुकड्यांची बेरीज एकूण मापाशी जुळली पाहिजे. आमच्या उदाहरणात ३.६०, ३.९० आणि ३.५० मिळून ११.०० येतात. नकाशावर एकूण माप ११.१५ लिहिलं असेल तर कुठला आकडा खरा हे साइटवर ठरवू नका, इंजिनिअरला फोन करा. स्केलपट्टी लावून नकाशावरून माप काढणं तर अजिबात नको, झेरॉक्समध्ये कागद लहानमोठा होतो.

कॉलमचा सेंटर आणि भिंतीचा सेंटर एकच असतो असं धरून चालणं ही मोठी चूक. २३० मिमीच्या भिंतीचा सेंटर बाहेरच्या फेसपासून (पृष्ठभागापासून) ११५ मिमीवर असतो. पण आमच्या कोपऱ्यातल्या कॉलमचा सेंटर लांबीच्या दिशेने बाहेरच्या फेसपासून १९० मिमी आत आहे, रुंदीच्या दिशेने ११५ मिमी. सगळीकडे ११५ धरलं तर समोरची भिंत ७५ मिमीने, म्हणजे तीन इंचांनी चुकते. म्हणून कागदावर प्रत्येक कोपऱ्याजवळ लिहून ठेवा: सेंटरपासून बाहेरचा फेस या बाजूला किती, त्या बाजूला किती.

फूट-इंच आणि मीटर यांची सरमिसळ हा दुसरा सापळा. मंजूर नकाशा मीटरमध्ये, गवंड्याच्या तोंडी फूट, इंच आणि सूत. एक इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३ मिमी. कॅल्क्युलेटरवर ४५.६ फूट दिसलं की टेपवर ४५ फूट ६ इंच धरलं जातं. पण ०.६ फूट म्हणजे सव्वासात इंच. एका फटक्यात सव्वा इंचाची चूक. एका साइटवर एकच परिमाण ठेवा. मीटरमध्ये काम करायचं ठरलं तर गवंड्याला मापं मिलिमीटरमध्ये लिहून द्या, तोंडी सांगू नका.

वास्तूवाल्यांचं जे काही म्हणणं असेल ते याच टप्प्यावर ऐकून घ्या. बुर्ज्या उभ्या राहिल्यावर घर थोडं फिरवायचं म्हटलं की समासातली अंतरं (हद्द आणि घर यांच्यात मोकळी सोडायची), कॉलमच्या लाइनी, सगळंच फिरतं आणि मंजूर नकाशा बाजूला पडतो.

तपासा: नकाशावरची उत्तर दिशा आणि प्लॉटवरची उत्तर दिशा. नकाशा हातात धरून गेटमध्ये उभे राहा आणि मोठ्याने सांगा: दार डावीकडे, जिना उजवीकडे, स्वयंपाकघर मागे. आरशातल्यासारखी उलटी आखणी होणं अशक्य वाटतं, पण होते.

## टप्पा २: हद्द पक्की करा

शेजाऱ्याचं कंपाउंड म्हणजे हद्द नव्हे. तारेचं कुंपण म्हणजे हद्द नव्हे. बांधावरचं बाभळीचं झाड तर नव्हेच. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, हद्दीच्या खुणा कायम करून घ्या आणि मोजणी नकाशाची प्रत घरात न ठेवता साइटवर आणा. मंजूर लेआउटमधला प्लॉट असेल तरी चारही बाजू आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. कागदावर १२ मीटर असलेली मागची बाजू जागेवर ११.८० निघाली तर ते आज कळलेलं बरं.

फरक निघाला तर लाइनआउट थांबवा. घर जरा पुढे घेऊन भागवू, हा सल्ला कोणीतरी देणारच. तो ऐकायचा की नाही हे आर्किटेक्ट ठरवेल, ठेकेदार नाही.

समोरच्या रस्त्याची रुंदी विकास योजनेत वाढणार असेल तर पुढचं सामासिक अंतर आजच्या रस्त्याच्या कडेपासून धरायचं नाही, रुंदीकरणाच्या रेषेपासून धरायचं. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यात २०२० पासून यूडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. पण तुमच्या प्लॉटला किती अंतर सोडायचं ते नियमावली चाळून ठरवू नका. मंजूर नकाशावर लिहिलेला आकडा तोच तुमचा आकडा.

वर मान करूनही बघा. प्लॉटवरून विजेची तार जात असेल तर तिचा निकाल आधी लावायचा.

## टप्पा ३: जागा साफ, सामान तयार

गवतावर फक्की बसत नाही आणि झुडपावरून ताणलेलं सूत सरळ राहत नाही. गवत, मुळं, राडारोडा काढून जागा ढोबळ सपाट करा. घराच्या बाहेर चारही बाजूंनी तीन मीटरपर्यंत, जागा कमी असेल तिथे हद्दीपर्यंत, साफ करा, कारण बुर्ज्या तिथे येणार.

सामानात ३० मीटरची स्टीलची टेप, नायलॉनची लाइनदोरी, लाकडी खुंट्या, खिळे, घण, ओळंबा, गुण्या, लेव्हल पाइप, फक्की, ऑइल पेंट आणि बुर्ज्यांसाठी विटा-सिमेंट-वाळू. टेपबद्दल दोन गोष्टी. फायबरची टेप ओढली की ताणते, ती लाइनआउटला वापरू नका. आणि टेपचा शून्य नेमका कुठे आहे ते बघा. काही टेपमध्ये तो कडीच्या टोकाला असतो, काहींमध्ये कडीच्या पुढे. कडी वाकलेली असेल तर काही जण १० सेंटिमीटरवर टेप धरून मोजतात. पद्धत चांगली, पण शेवटी ते १० वजा करायचे राहतात. तसं मोजायचंच असेल तर दोघांनी मोठ्याने आकडा म्हणावा.

खुंट्या कुठल्या, हे जमिनीवर अवलंबून आहे. मुरमात लाकडी खुंटी फाटते, तिथे १२ मिमी सळईचे फूट-दीड फुटाचे तुकडे ठोका. काळ्या मातीत उलट अडचण: खुंटी सहज जाते आणि सहज हलते. एक पाऊस पडला की माती फुगते, ऊन पडलं की भेगाळते, खुंटी जागा सोडते. तिथे खुंटीभोवती काँक्रीटचा गोळा भरा आणि बुर्ज्या त्याच दिवशी बांधा. कोकणात जांभ्यावर खुंटी जातच नाही, दगडाला छिन्नीने खाच पाडून रंग भरणं सोपं.

भूमिपूजन उरकून घ्या आणि मगच लाइनआउट सुरू करा. ईशान्येच्या कोपऱ्यात पूजेचा खड्डा खणताना तिथली खुंटी उपटली गेली, हे नवीन नाही.

## टप्पा ४: बेसलाइन टाका

ज्या बाजूला जागा सर्वांत आखडलेली आहे तिथून सुरुवात करा. आमच्या उदाहरणात डाव्या हद्दीपासून १.५० मीटर सोडायचे आहेत, तर ए लाइन तिथली. हद्दीच्या दोन्ही खुणांमध्ये सूत ताणा. आता हिशेब: १.५० मीटर समास, अधिक फेसपासून सेंटर ११५ मिमी, म्हणजे १.६१५. त्यात मी ५० मिमी वाढवतो. बाहेरचं प्लास्टर जागा खातं, हद्दीच्या दगडालाही जाडी असते, आणि जोते तपासणीला (जोत्यापर्यंतच्या कामाच्या अधिकृत तपासणीला) कोणी टेप लावली तर समास कमी पडता कामा नये. तेव्हा ए लाइन हद्दीपासून १.६६५ मीटरवर. दुसऱ्या बाजूला हे ५० मिमी निघत नसतील तर आधी आर्किटेक्टला विचारा.

हे अंतर हद्दीला लंब मोजायचं. त्यासाठी सेंटरच्या खुंटीवर टेपचा शून्य धरा आणि हद्दीच्या सुतावर टेप डावी-उजवीकडे फिरवा. सर्वांत लहान जो आकडा येईल तेच लंब अंतर. लाइनीच्या दोन्ही टोकांना, पुढे आणि मागे, असं मोजून दोन खुंट्या ठोका आणि त्यांतून सूत ताणा. ही ए लाइन.

पुढचं अंतर ३.०० मीटर असेल, तर १ नंबरच्या लाइनीचा सेंटर ३.०० अधिक ०.१९० अधिक ०.०५०, म्हणजे ३.२४० मीटरवर. ए लाइनवर तो बिंदू घ्या. हा ए१. तिथून त्याच सुतावर ११.०० मीटर मोजून ए४.

खुंटी म्हणजे बिंदू नव्हे, खुंटीच्या माथ्यावरचा खिळा म्हणजे बिंदू. सूत खिळ्याच्या कुठल्या बाजूने जातंय ते ठरवून घ्या आणि सगळीकडे तीच बाजू ठेवा. एका खिळ्याला डावीकडून, दुसऱ्याला उजवीकडून सूत गेलं की लाइन खिळ्याच्या जाडीएवढी तिरपी झाली.

सावधान: जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर टेकवून मोजू नका. १० मीटरच्या आडव्या अंतरात १ मीटर उतार असेल तर जमिनीवरून माप १०.०५ येतं. ५ सेंटिमीटर गेले. टेप आडवी, ताठ धरा, वरच्या टोकापासून ओळंबा सोडून खाली खूण करा. उतार जास्त असेल तर दोन-दोन, तीन-तीन मीटरच्या पायऱ्यांनी मोजा.

## टप्पा ५: काटकोन

इथे वेळ घालवा. बाकी सगळं पटकन उरकलं तरी चालेल.

तीन-चार-पाचचा नियम प्रत्येक गवंड्याला येतो: एका बाजूवर ३, दुसऱ्यावर ४, कर्ण ५ आला की काटकोन. नियम बरोबर आहे, तो वापरला जातो तोकड्या मापावर. ३ फूट, ४ फूट, ५ फूट घेतले आणि कर्णात एका सुताची, म्हणजे ३ मिमीची चूक राहिली, तर ११ मीटर लांब जाईपर्यंत लाइन साधारण ४५ मिमी तिरपी होते. तीच चूक ३ मीटर, ४ मीटर, ५ मीटरच्या त्रिकोणात राहिली तर १४ मिमी. त्रिकोण जेवढा मोठा तेवढी चूक लहान. लोखंडी गुण्या लावून अख्ख्या घराचा काटकोन काढणाऱ्याला तर लगेच थांबवा. गुण्या विटेच्या कोपऱ्यासाठी आहे.

मग सर्वांत मोठा त्रिकोणच का घेऊ नये? आमच्या घराच्या बाजू ८.५० आणि ११.००. कर्ण काढायचा: ८.५० चा वर्ग ७२.२५, ११ चा वर्ग १२१, बेरीज १९३.२५, वर्गमूळ १३.९०१. म्हणजे कर्ण १३ मीटर ९०१ मिमी. हा आकडा घरीच काढून वहीत लिहून आणा.

आता दोन टेपा आणि चार माणसं. एक टेप ए१ च्या खिळ्यावर, दुसरी ए४ च्या खिळ्यावर. पहिलीवर ८.५००, दुसरीवर १३.९०१. दोन्ही टेपा ताठ आणि आडव्या ठेवून ते दोन आकडे जिथे एकमेकांना भेटतात तो बिंदू सी१. तिथे खुंटी. मग ए४ वरून ८.५०० आणि ए१ वरून १३.९०१ घेऊन सी४. दोन टेपा वापरण्याआधी त्या एकमेकींशेजारी पसरून १० मीटरवर आकडे जुळतात का ते बघा. जुन्या टेपांमध्ये फरक निघतो.

तपासा: सी१ ते सी४ मोजा. हे अंतर तुम्ही अजून कुठेच वापरलेलं नाही, म्हणून ही खरी परीक्षा. ११.००० आलं, ५ मिमी इकडेतिकडे असलं, तर पुढे जा. १० मिमीच्या वर फरक असेल तर खुंटी हलवून जमवू नका, कुठली टेप ढिली होती ते शोधा आणि पुन्हा मोजा.

कर्ण जुळले म्हणजे झालं, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यावर वेगळं लिहायला हवं. दोन्ही कर्ण सारखे येऊनही चौकोन वाकडा असू शकतो. समोरची बाजू ८.५० आणि मागची ८.३० असेल आणि दोन्हीकडून सारखाच निमुळता असेल, तर कर्ण तंतोतंत सारखेच येतात. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का बघायचं, मग कर्ण. आणि कर्ण एकमेकांशी सारखे असणं पुरेसं नाही, ते हिशेबाच्या आकड्याशीही जुळले पाहिजेत.

चार कोपरे मिळाले की चारही कोपऱ्यांपासून हद्दीची अंतरं मोजा. प्लॉट काटकोनात असतोच असं नाही. एक बाजू नीट बसली तरी समोरचा कोपरा समासात घुसलेला निघतो. बुर्ज्या बांधायच्या आधी हे बघायचं.

## टप्पा ६: बुर्ज्या

चार कोपऱ्यांच्या खुंट्या खोदाईत जाणार आहेत. त्यांचं काम एवढंच, की लाइनी बाहेर वाढवून बुर्जीवर नेता याव्यात.

प्रत्येक लाइनीच्या दोन्ही टोकांना एक बुर्जी. आमच्याकडे लाइनी सात, म्हणजे चौदा टोकं. खर्च वाचवायला फक्त कोपऱ्यांच्या बुर्ज्या बांधतात आणि मधल्या लाइनी टेपने काढू म्हणतात. खोदाईनंतर मातीच्या ढिगांवरून टेप कशी ताणणार?

बुर्जी खोदाईच्या कडेपासून दीड ते दोन मीटर लांब हवी. खोदाईची कड म्हणजे फुटिंगची कड नव्हे. आमचं फुटिंग १.५० मीटरचं चौकोनी, त्याखाली पीसीसी चारही बाजूंनी १० सेंटिमीटर बाहेर, म्हणजे १.७०. काम करायला प्रत्येक बाजूला ३० सेंटिमीटर मोकळी जागा धरली तर खड्डा २.३० मीटर. सेंटरपासून कड १.१५ मीटरवर.

आता ए लाइन बघा. हद्द सेंटरपासून १.६६५ वर, खड्ड्याची कड १.१५ वर. मध्ये जेमतेम अर्धा मीटर. तिथे बुर्जी टिकणार नाही, जेसीबीच्या पहिल्याच फेरीत जाईल. लहान प्लॉटवर हेच होतं आणि मग बुर्जीशिवाय काम रेटलं जातं. त्याऐवजी १, २, ३, ४ या लाइनींची त्या बाजूची टोकं कंपाउंडच्या भिंतीवर न्या: भिंतीत खिळा, शेजारी रंगाचा बाण आणि लाइनीचा नंबर. भिंत शेजाऱ्याची असेल तर आधी विचारा. ए, बी आणि सी या लाइनींची टोकं पुढे-मागे असतात. पुढे तीन मीटर समास असल्याने तिकडे बुर्ज्या बसतात, मागे किती जागा आहे ते मोजून ठरवा.

बुर्जी विटांची, नऊ इंची किंवा जरा मोठी, जमिनीत निदान फूटभर पाया घेऊन. माथ्यावर सिमेंटचा गिलावा. सगळ्या बुर्ज्यांचे माथे एका लेव्हलला घ्या. माथे वरखाली असतील तर सुतं तिरपी जातात, टेप तिरपी पडते, आणि खोली मोजताना प्रत्येक खड्ड्याला वेगळा हिशेब करावा लागतो.

गिलावा ओला असतानाच लाइन ताणायची, ओळंब्याने कोपऱ्याच्या खिळ्यांवर आणून तपासायची आणि माथ्यावर खिळा रोवायचा किंवा करणीने बारीक खाच पाडायची. गिलावा वाळला की ऑइल पेंटने बुर्जीवर नाव घाला: ए, बी, सी, १, २, ३, ४. खडूने लिहिलेलं पहिल्याच क्युरिंगच्या पाण्यात जातं.

मधल्या लाइनींची मापं एकाच बिंदूपासून घ्या. १ पासून २ पर्यंत ३.६०, १ पासून ३ पर्यंत ७.५०, १ पासून ४ पर्यंत ११.००. टेप एकदाच ताणायची आणि तिघांच्या खुणा करायच्या. २ पासून ३, मग ३ पासून ४ असं तुकड्यातुकड्याने मोजलं तर प्रत्येक तुकड्याची एक-दोन सुतांची चूक पुढच्यात मिसळत जाते.

सावधान: वारा असेल तर लांब सूत बाजूला फुगतं. दहा मीटरच्या वरची लाइन सकाळी, वारा पडलेला असताना ताणा. सूत कुठल्याही ढेकळाला, खुंटीला किंवा दुसऱ्या सुताला घासत नाही ना, हे खाली वाकून बघा.

## टप्पा ७: लेव्हल

न हलणारी एक जागा पकडा: जवळचा मोरीचा कठडा किंवा शेजारच्या घराचं जोतं. तिथे रंगाने खूण करा. खड्ड्याची खोली, पीसीसी, प्लिंथ, सगळं या खुणेपासून. प्लिंथ रस्त्यापेक्षा किती वर ठेवायची हे ठरवताना रस्त्यावर पुढे डांबराचे थर चढणार आहेत हे लक्षात ठेवा. दहा-पंधरा वर्षांत घर खड्ड्यात गेलेलं कुठल्याही जुन्या गल्लीत दिसेल.

लेव्हल पाइप वापरत असाल तर त्यात हवेचा बुडबुडा नको आणि वाचताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेले हवेत. एक टोक बंद राहिलं की पाणी खोटं सांगतं. सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना ते बघा. जागा मोठी असेल तर डंपी किंवा ऑटो लेव्हल (दुर्बिणीतून लेव्हल बघायचं यंत्र) मागवा.

बुर्जीच्या माथ्यापासून खड्ड्याचा तळ किती खाली ते एकदा ठरवा आणि तेवढ्या मापाची एक काठी करून ठेवा. खोली जमिनीपासून मोजू नका, जमीन प्रत्येक खड्ड्याला वेगळी असते.

## टप्पा ८: आता फक्की

बुर्ज्या किमान एक दिवस वाळू द्या. मग सगळी सुतं ताणा. ए आणि १ जिथे छेदतात तो ए१ चा सेंटर. तिथून चारही बाजूंना १.१५ मीटर मोजून खड्ड्याचा चौकोन फक्कीने मारा. असे बारा खड्डे. सगळ्यांची मापं सारखी नसतात, फुटिंगचं शेड्यूल हातात ठेवा आणि प्रत्येक चौकोनात फुटिंगचा नंबर फक्कीनेच लिहा.

कडेच्या लाइनीवर फुटिंग मध्यावर नसेल, एका बाजूला सरकवलेलं असेल, तर चौकोनही सरकतो. इथे सवयीने मधोमध आखलं जातं.

सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि जमिनीतली पाण्याची टाकी यांचीही फक्की आजच मारा, म्हणजे जेसीबी दुसऱ्यांदा बोलवावा लागत नाही.

तपासा: सुतं काढण्याआधी मालक, इंजिनिअर आणि ठेकेदार यांनी एकत्र फिरून मापं घ्यावीत. एका कागदावर चार बाजू, दोन कर्ण, चार कोपऱ्यांची हद्दीपासूनची अंतरं लिहून तिघांच्या सह्या. फोटोत टेपचा आकडा वाचता आला पाहिजे.

## टप्पा ९: जेसीबी

ऑपरेटरला तीन गोष्टी सांगा. फक्कीच्या आतून तोडायचं. मशीन कुठून येणार आणि कुठून जाणार, बुर्ज्या कुठे आहेत. माती कुठे टाकायची. माती खड्ड्याच्या काठावर नको, निदान दीड मीटर लांब. काठावरच्या ढिगाने भुसभुशीत जमीन आत ढासळते, आणि खड्ड्यात माणूस उतरलेला असतो.

शेवटचे १५ सेंटिमीटर हाताने खोदा. जेसीबीने तळ जास्त खोल गेला तर त्यात माती टाकून सपाट करू नका, काय भरायचं ते इंजिनिअर सांगेल.

या दिवशी साइटवर एक माणूस फक्त बुर्ज्यांकडे लक्ष द्यायला हवा. एखाद्या बुर्जीला धक्का लागला तर ती तशीच चेपून उभी करायची नाही. तिच्यावर रंगाने फुली मारा आणि समोरच्या व शेजारच्या बुर्ज्यांवरून लाइन नव्याने काढा.

## टप्पा १०: सेंटर खड्ड्यात उतरवा

पीसीसी घट्ट झाल्यावर सुतं पुन्हा ताणा. दोन सुतं जिथे छेदतात तिथून ओळंबा सोडा. तो डोलायचा थांबेपर्यंत थांबा, मग पीसीसीवर खूण करा. एकाच बिंदूवर समाधान मानू नका. प्रत्येक लाइनीवर दोन-दोन बिंदू उतरवा आणि गेरूत बुडवलेलं सूत ताणून टिचकी मारा, म्हणजे पीसीसीवर अधिक चिन्हासारख्या दोन रेषा उमटतात. फुटिंगची जाळी आणि कॉलमचा गज या रेषांवर बसवायचा. कॉलमची लांब बाजू कुठल्या दिशेला, हे रंगाने तिथेच लिहा. आडवा-उभा कॉलम फिरणं ही सेंटर चुकण्याइतकीच सर्रास चूक आहे.

फुटिंगचं काँक्रीट ओतताना गज ढकलले जातात. ओतून झाल्याबरोबर, काँक्रीट ओलं असतानाच, सूत ताणून ओळंब्याने पुन्हा बघा. आत्ता हाताने सरळ होतात. उद्या होणार नाहीत.

तरीही एखादा कॉलम सरकलेला निघालाच, तर गज वाकवून जागेवर आणायची परवानगी ठेकेदाराला देऊ नका. घणाने वाकवलेला गज प्लास्टरखाली दिसत नाही, पण भार त्याच वाकड्या जागेतून जातो. किती सरकला ते मोजून स्ट्रक्चरल इंजिनिअरला कळवा आणि त्याने लेखी दिलेला उपाय करा.

स्टार्टर (कॉलमच्या बुडाशी आधी भरायचा काँक्रीटचा छोटा तुकडा) भरण्याआधी सर्व स्टार्टरची मापं १ नंबरच्या लाइनीपासून एकदा आणि दोन्ही कर्ण एकदा. पाच-सात मिनिटांचं काम.

बुर्ज्या प्लिंथ होईपर्यंत पाडायच्या नाहीत. प्लिंथ बीमचं सेंट्रिंग लागलं की त्याच सुतांवर बीमचे फेस जुळवा. काँक्रीट झाल्यावर प्लिंथवर सगळ्या लाइनींच्या खाचा पाडून रंग भरा आणि जोते तपासणी उरकून घ्या. तोवर ठेकेदार पार्किंगच्या भरावासाठी बुर्ज्यांच्या विटा मागत असतो. तपासणीचा कागद हातात आल्यावरच त्या द्या.